न्यायाधीशांचे प्रशिक्षण म्हणजे सुट्टी नव्हे

‘न्यायाधीशांना कायदा येतोच, मग प्रशिक्षण आणि परिषदा कशाला? त्यामुळेच खटले तुंबतात. न्यायालयांचे प्रशासन सरकारी अधिकाऱ्यांकडे द्या,’ असा मजकूर सध्या कोल्हापुरात मोबाइलवरून फिरत आहे. कसबा बावड्याच्या न्यायालयात हेलपाटा घालून नुसती पुढची तारीख घेऊन परतणाऱ्या पक्षकाराचा संताप रास्त आहे. मजकुरातील निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

पहिला मुद्दा कायदा येत असण्याचा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, पण त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले जुन्याच पुरावा कायद्याने चालतात. त्यामुळे एकाच न्यायाधीशाच्या एकाच दिवसाच्या बोर्डावर (खटल्यांच्या यादीत) एका खटल्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी जुने कलम ६५ब, तर दुसऱ्यात नव्या पुरावा कायद्याचे, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे, कलम ६३ लागते. नव्या कलमाखालील प्रमाणपत्र दोन भागांचे असून एक भाग पुरावा हजर करणाऱ्याने, तर दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाल्यास बदलणारी तिची सांकेतिक ओळख, नमूद करावे लागते. मोबाइलमधील चित्रफीत शेजारच्या दोन न्यायालयांत दोन निकषांवर तपासली गेली, तर तो घोळ अपिलात निस्तरावा लागतो. भोपाळची राष्ट्रीय न्यायिक अकादमी आणि उत्तनची महाराष्ट्र न्यायिक अकादमी न्यायाधीशांना प्रशिक्षण देतात ते अशाच कामासाठी.

परिषदांतून काही निघत नाही, हा दुसरा दावा तर तो पसरवणाऱ्यांच्या हातातील मोबाइलच खोडून काढतो. गडहिंग्लजच्या पक्षकाराला प्रत्येक खटल्याला मिळणाऱ्या सोळा अंक-अक्षरांच्या सीएनआर क्रमांकावरून पुढची तारीख घरबसल्या दिसते, त्यामागे न्यायालयांच्या संगणकीकरणाचे काम पाहणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीचे आणि उच्च न्यायालयांचे एकत्रित काम आहे. संगणकप्रणाली तंत्रज्ञांनी घडवली हे खरे; पण खटल्याचा टप्पा कोणता आणि तो कसा नोंदवायचा यावर न्यायाधीशांनी परिषदेत बसून एकमत केले नसेल, तर देशभरातील खटल्यांची आकडेवारी दाखवणाऱ्या राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवरील आकड्यांना काहीच अर्थ उरत नाही.

सरकारकडे प्रशासन देण्याची सूचना संविधानाच्या अनुच्छेद २३५ पुढे थांबते: कनिष्ठ न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे. शिवाय सरकार स्वतःच सर्वांत मोठ्या पक्षकारांपैकी एक. इमारती आणि पदांसाठीचा पैसा तर आजही सरकारच देते. रिक्त पदांचा जाब तिथेही विचारावा.

खटले तुंबण्यात न बजावलेली समन्से, गैरहजर साक्षीदार आणि वकिलांनी मागितलेल्या तहकुबी यांचाही वाटा असतो. प्रशिक्षणामुळे एखाद्या दिवशी काम होत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. प्रशिक्षणाच्या तारखा आधी ठरलेल्या असतील, तर त्या दिवशी साक्षीपुरावा ठेवू नये आणि पक्षकाराला आगाऊ कळवावे, एवढी मागणी जिल्हा न्यायालयाकडे जरूर करावी.