काही कबुल्या आणि आमची संध्याकाळची रियासत

सध्या जिकडे तिकडे वर्षभरात किती पुस्तकं वाचली त्याचे फोटो, याद्या, चॅलेंज चाललंय, मैत्रिणींनी मलाही टॅग केलंय, म्हणून माझं काय ते एकदाच लिहून टाकते. मी पुस्तकं मोजत नाही. मोजावीशी वाटतही नाहीत. एका वेळी बरीच उघडी असतात, एक ओट्याशेजारच्या खिडकीत, एक उशाशी, एक पर्समध्ये (बँकेत नाहीतर दवाखान्यात नंबर लागेपर्यंत), आणि ज्याला जेव्हा संपायचं तेव्हा ते संपतं. कादंबरीचं शेवटचं पान मी आधी वाचते. इतिहासाचं पुस्तक असलं तर मागची सूची आधी, त्यात ओळखीचं गाव दिसलं की थेट त्या पानावर. मला असंच वाचायला आवडतं आणि असंच वाचणार.

आणखी कबूल करायचं तर रविवारी सकाळी आमच्याकडे चूल पेटत नाही, सेव उसळ येते, जास्तीची तरी वेगळी बांधून. दिवाळीच्या सगळ्या फराळापेक्षा मला आपला बडोद्याचा लीलो चेवडो आवडतो. आमटीत गूळही सढळ हाताने पडतो, पुण्याचे पाहुणे आले तरी कमी होत नाही.

पण खरी कबुली वेगळीच आहे. मला स्वतः मनात वाचण्यापेक्षा दुसऱ्याला वाचून दाखवायला जास्त आवडतं. आईंच्या (सासूबाई) डोळ्याचा पडदा खराब झाला आणि वाचन बंद पडलं, आणि ही बाई जन्मभर वाचत आलेली. तेव्हापासून दिवाबत्ती झाली की मी वाचते, त्या ऐकतात. सध्या रियासत चालू आहे, गो. स. सरदेसायांनी अनेक खंडांत लिहिलेला मराठ्यांचा इतिहास. जुने खंड, पानं पिवळी पडलेली, जपून उलटावी लागतात. लोक म्हणतात एवढं जाडजूड कशाला, त्यांना काहीतरी हलकंफुलकं वाचा ना. अहो, त्यांनीच मागितलंय!

आणि ऐकतात म्हणजे नुसत्या ऐकत नाहीत. पिलाजीराव गायकवाडांना १७३२ मध्ये डाकोरला दगा करून मारलं ते वाचत होते तर मला थांबवलं, "डाकोरला? आपण रणछोडरायाच्या दर्शनाला जातो ते?" हो म्हटलं. मग बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या इतक्या वेळा गेलो, गोटे (तिथली भजी) खाऊन आलो, कुणी सांगितलं नाही बघ. पानिपत आलं तेव्हा पहिला प्रश्न, आपले दमाजीराव (पिलाजीरावांचे चिरंजीव) कुठे होते? ते तिथंच होते आणि जिवंत परत आले, हे कळल्याशिवाय पुढे वाचू दिलं नाही. मग नानासाहेब पेशव्यांना भिलशाजवळ ती सावकाराची चिठ्ठी मिळाली, दोन मोती गळाल्याची, ती ओळ त्यांनी माझ्याआधी तोंडपाठ म्हटली. त्याच साली जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले. त्या दिवशी पुढे वाचायचं नाही म्हणाल्या.

मुलगा म्हणतो ऑडिओबुक लावून दे, तुझा घसा दुखणार नाही. लावून बघितलं की! पण त्याला थांब म्हटलं तर ते थांबत नाही, आणि डाकोर म्हणजे तेच का असं विचारलं तर बोलत नाही. आईंना गोष्टीइतकाच तो मधला थांबा हवा असतो आणि खरं सांगू, आता मलाही हवा असतो, मनात वाचताना मी ज्या ओळीवरून सरळ पुढे गेले असते तिथं त्या मला पकडून बसवतात. जुनी पत्रं तर मोठ्यानेच वाचावीत. ती बहुतेक कारकुनाला सांगून लिहवलेली, वाक्यं लांबच लांब, डोळ्यांनी वाचताना धाप लागते, पण आवाजात घेतली की कुठे श्वास घ्यायचा ते आपोआप कळतं.

हे सगळं लिहायचं मनात आलं ते वेगळ्याच कारणाने. रियासतकार सरदेसायांबद्दल वाचत होते तर कळलं की १८८९ मध्ये ते बडोद्याला नोकरीला लागले ते महाराजांचे वाचक म्हणून. म्हणजे सयाजीरावांना पुस्तकं वाचून दाखवायची! पुढे राजपुत्रांना शिकवायचं काम आलं, त्यासाठी टिपणं काढली आणि त्यातून रियासत उभी राहिली. आणि ऐकणारे महाराज कोण, तर बाराव्या वर्षी कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा अक्षरओळखही नव्हती असे. त्याच माणसाने १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० मध्ये बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून घेतलं, मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी उभी केली, आणि पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवली. त्या लायब्ररीत काचेची जमीन आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून. बडोद्यात राहून ती आतून न बघितलेले लोक मला भेटतात तेव्हा मनापासून वाईट वाटतं, जा हो एकदा, पोरांना घेऊन जा.

पोरांवरून आठवलं. मूल स्वतः वाचायला लागलं की आपण त्याला वाचून दाखवणं बंद करतो, ते मला अजिबात पटत नाही. महाराज तर चांगले शिकलेसवरले होते, तरी वाचक ठेवलाच ना. आमचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे, संध्याकाळी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसतो, पण पानिपतच्या दिवशी हेडफोन काढून दारात उभा होता, आणि आमचे हे तर बातम्या सोडून आले.

तर रियासत अजून बरीच बाकी आहे, पण पुढचं आत्तापासून शोधायला हवं. सुचवा. आत्मचरित्र चालेल, प्रवासवर्णन चालेल, पत्रसंग्रह असेल तर फारच छान. माणसं भरपूर हवीत आणि एखादं गाव आमच्या बाजूचं असलं तर आई खूश होतील. कुणाकडे जुनी प्रत असेल आणि बडोद्यातच असाल तर मी येऊन घेऊन जाईन, कव्हर घालून परत करीन.