94 टक्क्यांवरून: अनिकेत यांच्या कमेंटला उत्तर

अनिकेत, तुम्ही सविस्तर लिहिलंत म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मागच्या पोस्टमधला 94 टक्क्यांचा आकडा (पुरुषाने बाईचा खून केलेल्या इतक्या केसेसमध्ये आधी स्टॉकिंग, म्हणजे नको म्हटलं तरी सतत मागे लागून त्रास देणं, दिसलं होतं) मी लोकांना घाबरवायला टाकला, मुलीच्या मागे लागणारा प्रत्येक पोरगा काही खुनी नसतो, आणि असे खून होतात ते रागाच्या भरात, नाहीतर माणूस सायको असतो म्हणून. शिवाय 'मग पोलिसांनी काय सगळ्यांनाच आत टाकायचं का?' असं विचारलंय.

आकड्याचं आधी बघू. ग्लॉस्टरशायर युनिव्हर्सिटीच्या जेन मंक्टन स्मिथ (गुन्हेशास्त्राच्या अभ्यासक, आधी स्वतः पोलिसात होत्या) यांच्या टीमने 2012 ते 2014 या काळातल्या ब्रिटनमधल्या 358 केसेस तपासल्या, सगळ्यांत पुरुषाने बाईचा खून केलेला. त्यातल्या 94 टक्के केसेसमध्ये स्टॉकिंगसारखं वागणं आधी दिसलं होतं. म्हणजे खुनापासून मागे मागे गेलं की स्टॉकिंग सापडतं. उलट्या दिशेने गेलात तर चित्र एकदम वेगळं, कारण इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला दहा लाखांच्या वर लोकांना स्टॉकिंग सोसावं लागतं आणि बायकांचे खून होतात शेकड्यांत. त्यामुळे बहुतेक स्टॉकर खून करत नाहीत हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, त्यावर वादच नाही. पण म्हणून पहिला आकडा खोटा ठरत नाही ना राव. अमेरिकेत 1999 मध्ये मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांनी नवऱ्याने किंवा पार्टनरने, आजी असो की माजी, मारलेल्या बायकांचा अभ्यास केला, त्यातही 76 टक्के बायकांचा मरणाआधीच्या वर्षभरात पाठलाग झाला होता.

मग लाखोंतला धोक्याचा कोण हे ओळखायचं कसं, तर खरा प्रश्न हा आहे आणि फोरेन्सिक सायकॉलॉजीवाले, म्हणजे गुन्हेगारांच्या मानसिकतेचा अभ्यास करणारे, यावरच डोकं खपवतात. सिनेमाच्या हिरोइनला पत्रं पाठवणारा अनोळखी वेडा फॅन आपल्याला जास्त भीतीदायक वाटतो, पण मारहाण-खुनाचा धोका जास्त असतो तो एक्सकडून. ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ पॉल मलन यांनी स्टॉकर्सचे पाच प्रकार केलेत, त्यात नातं तुटल्यावर मागे लागणारा हा 'रिजेक्टेड' प्रकार. यातले बहुतेक जण सायको वगैरे नसतात हो, नोकरी करतात, शेजाऱ्यांशी नीट बोलतात.

आणि 'रागाच्या भरात' हे तर मला अजिबात पटत नाही. मंक्टन स्मिथ यांनी नवरा-बॉयफ्रेंडने केलेल्या खुनांची आठ टप्प्यांची टाइमलाइन मांडलीय. त्यात नातं तुटणं किंवा तुटायला येणं हा ट्रिगर, मग पाठलाग-धमक्या वाढत जातात, मग विचार बदलतो (ती परत येत नाही, आता हिला सोडायचं नाही), मग प्लॅनिंग आणि मग खून. प्लॅनिंग हा अख्खा वेगळा टप्पा आहे, यात 'भर' कुठून आला?

एक केस सांगतो. ब्रायटनजवळचं पोर्टस्लेड, साल 2016, मुलगी 19 वर्षांची. एक्सच्या त्रासाबद्दल तिने सहा महिन्यांत पाच वेळा पोलिसांत तक्रार केली. त्याच्याशी आपलं नातं होतं हे आधी सांगितलं नाही म्हणून पोलिसांनी, ऐका, तिलाच 90 पौंड दंड केला, पोलिसांचा वेळ वाया घालवल्याबद्दल! पुढे जुलैमध्ये तो चोरलेल्या चावीने तिच्या घरात शिरला, ती पांघरुणात लपून त्याचा श्वास ऐकत पडली होती. पोलिसांनी त्याला पकडून ताकीद दिली आणि सोडलं. त्याने तिच्या गाडीला ट्रॅकर लावला होता. ऑगस्टमध्ये त्याने तिचा गळा चिरला आणि खोलीला आग लावली. जज म्हणाले की पोलिसांनी तिच्याबद्दल घाईने मत बनवलं.

यातली एकेक तक्रार सुटी घेतली तर खरंच किरकोळ वाटते. मोबाइल ओढला, मागे आला, चावी घेतली. एकाखाली एक तारखा लिहून बघा म्हणजे त्रास कसा चढत गेला ते दिसतं. आपल्याकडेही भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये स्टॉकिंगचा पहिला गुन्हा जामीनपात्र, दुसऱ्यांदा दोषी ठरला की अजामीनपात्र. म्हणजे कायदा तक्रारी मोजत नाही, कोर्टात झालेल्या शिक्षा मोजतो, आणि पहिल्या शिक्षेपर्यंत पोचायला कोर्टात किती वर्षं जातात ते तुम्हाला मी सांगायला नको.

तर 'सगळ्यांना आत टाकायचं का?' याचं उत्तर नाही. तक्रार घेणाऱ्याने चार प्रश्न विचारायचे: नातं होतं का आणि कधी तुटलं, घरापर्यंत आलाय का, आधी काय काय झालंय, मारून टाकीन किंवा मरून जाईन अशी भाषा सुरू झालीय का. आणि नातं होतं असं कळलं की 'तुमचं आपसातलं आहे' म्हणून फाइल बंद करायची नाही, उलट तिथेच ती वरच्या साहेबांकडे न्यायची. तुमचा खोट्या तक्रारींचा मुद्दा राहिला, त्यावर लिहायचंय पण ते इथे मावणार नाही, पुढच्या पोस्टमध्ये भांडू.