मेयर कलम २१३ वाचतात तेव्हा

स्ट्रासबुर्गला आल्यावर पहिल्याच वर्षी एका सहकाऱ्याच्या लग्नाला गेलो. फ्रान्समध्ये कायद्याचं लग्न नगरपालिकेतच लागतं. भटजी नाही, अक्षता नाहीत. अंगावर तिरंगी पट्टा घेतलेले मेयर नवरा-नवरीला नागरी संहितेतली कलमं वाचून दाखवतात. त्यात २१३ वं येतं: कुटुंबाचा कारभार दोघांनी मिळून पाहायचा.

१८०४ मध्ये नेपोलियनने ही संहिता आणली, तेव्हा याच क्रमांकाखाली लिहिलं होतं की नवऱ्याने बायकोचं रक्षण करावं आणि बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं. 'आज्ञा' गेली १९३८ साली. नवऱ्याला न विचारता नोकरी धरायला, बँकेत खातं उघडायला १९६५ उजाडलं. मेयर आज वाचतात ते वाक्य १९७० चं.

समान नागरी कायद्याचा विषय निघाला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फ्रान्सचा दाखला देतंच: 'बघा, दोनशे वर्षांपूर्वी एक देश, एक कायदा!' काम मोठं होतं, यात वाद नाही. आधी दक्षिणेत रोमन कायदा, उत्तरेत मुलखामुलखाच्या रूढी. इथे प्रवासात घोड्यांइतके कायदेही बदलतात, अशी लेखक व्होल्तेरने थट्टाच केली होती. क्रांतीच्या काळात कांबासेरेस या कायदेपंडिताचे तीन मसुदे बारगळले. शेवटी चार कायदेपंडित बसवले, दोन रोमन परंपरेतले, दोन रूढींच्या मुलखातले, आणि २,२८१ कलमांत दोन्हींची मोट बांधली. (तरी 'एक कायदा' पुरता खरा नाहीच. १९०५ मध्ये फ्रान्सने धर्म आणि सरकार वेगळं केलं, तेव्हा आल्सास, म्हणजे स्ट्रासबुर्गचा हा प्रांत, जर्मनीत होतं. त्यामुळे आमच्याकडे पाद्री आणि रब्बींचा पगार आजही सरकार देतं.)

मीही समान कायद्याच्याच बाजूचा. पण ग्रुपवरचं भांडण 'एक की अनेक' इथेच अडतं. आत काय लिहायचं, हे कुणी विचारत नाही. १८०४ ची संहिता देशभर एकच होती. तिने लेकीला भावाइतका वाटा दिला आणि तीच लेक बायको झाली की तिला आज्ञेत ठेवलं. उलट महाराष्ट्राने देशाची वाट न पाहता १९९४ मध्येच हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतका हक्क दिला. देशात तो २००५ मध्ये आला. माझ्या ताईचं लग्न १९९३ चं. आधी लग्न झालेल्यांना १९९४ चा कायदा लागू नव्हता, म्हणून ती अकरा वर्षं बाहेरच राहिली.

इथे फ्लॅट घेताना नोतेअरने, म्हणजे मिळकतीचे दस्त करणाऱ्या कायदे-अधिकाऱ्याने, वारसाहक्क समजावला. आम्हाला दोन मुली. दोन-तृतीयांश मिळकत त्यांचीच, मृत्युपत्र करूनही त्यांना डावलता येणार नाही. मी त्याला आपल्याकडचं हक्कसोडपत्र सांगितलं: वडील गेल्यावर ताईने सही केली, कागद आम्हा भावांनीच पुढे केला होता. त्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, 'बदल्यात तिला काय मिळालं?'

साडीला फ्रेंचमध्ये वेगळा शब्द नाही. साडीच म्हणालो.