खुब्याचं दुखणं आणि जमिनीवरची बैठक

खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं ते बहुतेकदा सांधा झिजल्यामुळे नव्हे, तर नितंबाच्या स्नायूंच्या कंडरांमुळे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांमुळे), हे खुब्याच्या दुखण्यावरच्या तुमच्या लेखात छान समजावलंय. आमच्या सोलापुरात मात्र बाईने ‘कुशीवर झोपवत नाही’ म्हटलं की लगेच ‘नस दबली’, आणि कमरेला पट्टा!

माझ्या सासूबाई विड्या वळतात. मांडीवर सूप, दिवसभर जमिनीवर बैठक, उठताना भिंतीला हात. फिजिओथेरपिस्टने खुब्याच्या हाडाचा उंचवटा दाबला तशा कळवळल्या. मग पहिलं काय, तर पाय आडवा ओढून ताणायचा व्यायाम बंद! त्याने कंडरा हाडावर आणखी दाबला जातो. लेखात हे यायला हवं होतं. गुडघ्यांमध्ये उशी (आमच्याकडे चादरीची घडी, सोलापुरात तिला काय तोटा!), एका पायावर भार टाकून उभं राहायचं नाही, आणि हळूहळू स्नायूंना बळ.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा आग्रह धरणाऱ्यांसाठी: याच दुखण्यावरच्या २०१८ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत आठ आठवड्यांनी व्यायाम आणि मार्गदर्शनाच्या गटात सुमारे ७७ टक्के लोकांना बरं वाटलं, इंजेक्शनच्या गटात ५८.

सासूबाईंना आता उंच पाटावर बसवतो. दुखणं कमी आहे, पण सूप घसरतं म्हणून कुरकुर चालूच.