चाकं टेकली म्हणून विमानाची गाडी होत नाही

बारामतीला विमान शिकणाऱ्या भाच्याने एक फॉरवर्ड पाठवलाय: ‘लँडिंगला विमान भरकटू नये म्हणून पाच उपाय’. खाली त्याचा प्रश्न, ‘मामा, हे बरोबर आहे ना?’ नाही रे बाबा. आणि हे शिकाऊ मुलांच्या ग्रुपांवर फिरतंय, म्हणून लिहितोय.

उपाय पहिला: ‘चाकं टेकली की योक गाडीच्या स्टिअरिंगसारखा वापरा.’ सगळ्यात घातक हाच. सेस्ना १७२ या छोट्या विमानात योकचा (पायलटच्या हातातल्या चाकाचा) नोजव्हीलशी, म्हणजे नाकाखालच्या चाकाशी, काडीचा संबंध नाही. नोजव्हील वळतं पायाखालच्या रडर पेडलने; रडर म्हणजे शेपटीवरचं सुकाणू. योकने हलतात ते एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या. समजा, वारा डावीकडून आहे. तो उभ्या शेपटीला ढकलतो आणि नाक डावीकडे, वाऱ्याकडे वळतं. घाबरलेला विद्यार्थी गाडीच्या सवयीने योक उजवीकडे फिरवतो. डावा एलेरॉन खाली जातो, डावा पंख उचलला जातो आणि त्याच पंखाचा ड्रॅग (हवेचा विरोध) वाढल्याने नाक आणखी डावीकडे ओढलं जातं. करायचं नेमकं उलट: योक वाऱ्याकडे, म्हणजे डावीकडे, नाक सरळ ठेवायला उजवं रडर पेडल. वेग उतरेल तसा एलेरॉनचा जोर कमी होतो, म्हणून योक वाढवत वाढवत शेवटपर्यंत न्यायचा.

दुसरा: ‘वेग जास्त ठेवा, टेकताच योक पुढे दाबा, नोजव्हीलची पकड बसते.’ वेगाचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. वारा १० नॉट आणि झोत १८ पर्यंत असेल, तर फरकाचा निम्मा भाग, ४ नॉट, अप्रोचच्या, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येतानाच्या, वेगात मिळवतात. पण योक पुढे दाबायचा? पंख अजून विमान उचलून धरत असतात. मेन व्हील्स, म्हणजे मागची मुख्य चाकं, हलकी होतात, वजन नोजव्हीलवर येतं आणि विमान त्या एका चाकाभोवती गरकन फिरतं. एफएए या अमेरिकी विमान-नियामक संस्थेच्या ‘एअरप्लेन फ्लाइंग हँडबुक’मध्ये याला व्हीलबॅरोइंग म्हणतात. विमान टॅक्सीच्या, म्हणजे जमिनीवर सावकाश चालण्याच्या, वेगावर येईपर्यंत लँडिंग संपलं असं समजू नका, हेही त्यातच बजावलंय.

तिसरा, ‘लगेच कचकचून ब्रेक’: चाकांवर वजन आलेलं नसताना टायर लॉक होतात, घसरतात. दोन पायांचा दाब कमी-जास्त झाला तर भरकटणं आपणच सुरू केलं.

चौथा, ‘१५ नॉटपर्यंत क्रॉसविंड कुणालाही झेपतो’: विमानाच्या मॅन्युअलमधले १५ नॉट चाचणीत दाखवलेले आहेत, ती शिकाऊ पायलटची कुवत नव्हे. आणि आकडा क्रॉसविंडचा, म्हणजे वाऱ्याच्या धावपट्टीला आडव्या घटकाचा आहे. धावपट्टीच्या दिशेपासून ३० अंशातून २० नॉट वारा म्हणजे क्रॉसविंड १०. ६० अंशातून तोच १७ च्या वर.

पाचवा: ‘एकदा टेकलं की गो-अराउंड नाही.’ धादांत चूक. गो-अराउंड म्हणजे उतरणं सोडून पुन्हा उडणं. विमान ताब्यात आहे, पुढे धावपट्टी उरली आहे, तर फुल थ्रॉटल (इंजिनाची पूर्ण ताकद), नाक डावीकडे ओढेल म्हणून उजवा रडर, फ्लॅप (पंखांमागच्या खाली उतरणाऱ्या झडपा) २० अंशांवर. सेस्नाचं १७२एस मॉडेल असेल तर ६० नॉटला चढ. फ्लॅप एकदम शून्यावर मात्र आणायचे नाहीत. विमान खाली बसतं.