नागडो कॅमेरो

देवगडात टपरीवर चहा सांगितला की हल्ली मागून आवाज येतो, "नागड्या कॅमेऱ्याक साखर कमी रे!" हे माझ्याबद्दल असतं. श्रेय तात्यांचं.

प्रकरण साधं. भावाच्या पॅकिंग शेडमध्ये पट्ट्यावरून सरकणाऱ्या हापूसचा आकार आपोआप मोजायचा, पाच डझनच्या पेटीत कुठला नि सहा डझनच्या पेटीत कुठला ते ठरवायचं, म्हणून अंतर मोजणारा कॅमेरा हवा होता. रिअलसेन्सचा डी 435 मनात होता. तो बाजारात आला 2018 साली, आणि त्याच वर्षी हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, हा योग मला उगाचच शुभ वाटला होता. पण हेच यंत्र दोन रूपांत मिळतं. एक ॲल्युमिनियमच्या कवचातलं, केबल जोडली की चालू. दुसरं नुसतं मॉड्यूल, म्हणजे उघडी पट्टी. ते हलकं नि स्वस्त, पण त्याचं प्रोसेसर कार्ड वेगळं घ्यायचं, उष्णता कुठे जाणार ते आपण बघायचं, बसवायची सोयही आपणच करायची. पुण्याच्या मित्राने त्याच्याकडचं उघडं मॉड्यूल तपासायला दिलं. ते मी ओटीवर वर्तमानपत्र पसरून मांडलं आणि तात्या आले.

तात्या फणस फोडून आले होते. हे महत्त्वाचं आहे.

"ह्या काय रे?"

"कॅमेरो."

"असो नागडो?"

"कवचातलो पण मिळता. तेचे जास्त पैसे पडतत."

"म्हणजे कपड्यांचे पैसे वेगळे." तात्या खुर्चीत बसले. "फोटो काडता?"

"अंतर मोजता. हे दोन डोळे बघा. दोघांका आंबो जरासो वेगवेगळ्या जागी दिसता. त्या फरकावरना अंतर कळता."

"माज्या एका डोळ्यात मोतीबिंदू आसा, तरी आंबो खय आसा ता माका दिसता."

"आकार पण कळता, तात्यानू."

"वजनकाटो आसा मा तुमच्याकडे?"

होता. मी म्हटलं, काट्याला वजन कळतं, आकार कळत नाही, डाग कळत नाही, एकेक फळ उचलून ठेवावं लागतं. तात्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

"बरा. आत साको आसा काय, ता दिसता?" साको म्हणजे साका, आतला गर पांढुरका, स्पंजासारखा होणं.

"नाय. ता भायरसून कोणालाच दिसना नाय."

"मगे?"

या "मगे?"ला उत्तर नसतं. चांगल्या बागायतदाराचं नाव ज्या साक्यापायी जातं, तो जगातल्या कुठल्याही साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही हे खरंच आहे, पण म्हणून काय चष्मेवाल्याने अपेंडिक्स काढून दाखवायचं? हे सुचलं रात्री. तेव्हा सुचलं नाही, कारण तोवर तात्यांनी पट्टी उचलून अंगठा थेट डाव्या डोळ्यावर टेकवला होता. फणसाच्या चिकासकट.

"थांब, खोबरेल आण. चीक तेलानच जाता," म्हणाले.

भिंगाला खोबरेल! मी पट्टी हिसकावली. तात्यांना राग आला. संध्याकाळपर्यंत टपरीवर बातमी पोचली होती की नागड्या कॅमेऱ्याला हात लावला म्हणून मी म्हाताऱ्या माणसावर ओरडलो.

आता खरी गोष्ट ऐका. कवचातला घ्यायचा हे माझं तात्या यायच्या आधीच ठरत आलं होतं. दोन डोळ्यांत अंतर जेमतेम पाच सेंटीमीटर. सगळा हिशेब त्यावर. पट्टी बसवताना केसभर वाकली, पत्र्याच्या शेडमध्ये तापून हलली, की आकडे सरकतात. आणि वस्तू दुप्पट लांब गेली की चूक चौपट होते. धातूचं कवच पट्टी ताठ धरतं, उष्णताही ओढून घेतं. त्यात इथली हवा. खिडकीचे गज, सायकलची चेन, गॅसची शेगडी, सगळं खाऱ्या वाऱ्याने खाल्लं आहे. बोर्डावर संरक्षक थर मारता येतो, पण भिंगावर नि कनेक्टरवर कसा मारणार? ही यंत्रं आखणाऱ्यांनी वातानुकूलित प्रयोगशाळा पाहिली असेल, मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही.

बरं, कवच म्हणजे काही चिलखत नव्हे. डी 435 ला पाण्याधुळीविरुद्ध सील नाही. सील हवं तर डी 457 आहे, आयपी 65 दर्जाचा, पण तो नीट वापरायचा तर केबल वेगळी, कार्ड वेगळं, नि किंमत ऐकून भाऊ म्हणाला, "त्यापेक्षा दोन गडी ठेवतो." मग साधाच मागवला, वर आम्ही काचेची पेटी करणार.

तात्या मात्र गावभर सांगतायत, "माज्या सांगण्यान कपडे घेतल्यान."

आणि तो आलेलाही नाही. कुरिअरवाल्याला फोन केला तर म्हणतो, या दिवसांत देवगडची गाडी आंबे न्यायला येते, सामान पोचवायला नाही. कणकवलीत येऊन घेऊन जा. पैसे घरपोचचे घेतलेत. तक्रार नोंदवायला नंबर दिला, तिथे गाणं वाजतं. शेवटी उद्या जातोय. तात्यांना कणकवलीत डोळे दाखवायचे आहेत, तेही गाडीत बसणार आहेत. सोबत अर्धा फणस नेणार म्हणाले, डॉक्टरांसाठी.