सहा महिन्यांचं काम सहा वर्षं कसं पुरवावं

परस्पर संमतीने घटस्फोट म्हणजे पडद्याच्या रंगावरूनही ज्यांचं कधी जमलं नाही, त्या दोघांनी सगळ्या गोष्टींवर एकमत करून सह्या ठोकायच्या. ते एकमत कागदावर नीट उतरू द्यायचं नाही, एवढंच तुमच्या हातात आहे.

सुरुवात घाईने करा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब ला अर्जाआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं. तुम्ही लग्नाच्या चौथ्या महिन्यातच कोर्ट गाठा. शिवाय वेगळं राहणं म्हणजे दोन पत्ते, हा समज सोडू नका. एका छपराखाली असूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसाल तर ते वेगळंच राहणं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच सांगितलंय. पण सोसायटीतल्या काकांचं मत वेगळं आहे ना, मग झालं.

खरी करामत कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सह्या करून कोर्टात द्यायच्या समझोत्याच्या अटींमध्ये. ‘नवरा योग्य ती रक्कम योग्य वेळी देईल’ असं एक झोकदार वाक्य टाका. आकडा, तारीख, एकरकमी की दरमहा, डीडी की चेक, यातलं काही नको. स्त्रीधनाचं ‘सर्व दागिने परत मिळाले’ एवढ्यावर भागवा. पाटल्या किती, वजन किती, कोणत्या लॉकरमधल्या, अशी यादी करणं कद्रूपणाचं दिसतं. मुलांच्या भेटी ‘आपसांत ठरवू’ म्हणा. आपसांत ठरवता येत असतं तर इथे कशाला आला असतात, हा प्रश्न पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत आपोआप निघेल.

फ्लॅट बायकोला, हप्ते नवऱ्याला, असं लिहून मोकळे व्हा आणि बँकेत मात्र फिरकू नका. बँक तुमच्या समझोत्यात पक्षकार नाही. तिच्या लेखी दोघंही कर्जदार. हप्ता थकला की फोन दोघांना, सिबिलची वाटही दोघांच्या.

498-अ ची, म्हणजे सासरच्या छळाची केस (जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम 85) असेल तर पोलीस ठाण्यात जाऊन ‘आमचं मिटलं’ म्हणून या. आपसांत मिटवून मागे घेण्याचा तो गुन्हा नव्हे. संमतीच्या प्रतिज्ञापत्रासह उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावा लागतो. हे टर्म्समध्ये लिहिलंच नाही, तर घटस्फोटानंतरही तारखेतारखेला भेट होत राहील.

पैसे द्यायचे असतील तर पहिल्या मोशनआधीच (मोशन म्हणजे दोघांनी कोर्टासमोर संमती सांगायची फेरी, अशा दोन असतात) सगळे द्या. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, म्हणून शेवटचा डीडी दुसऱ्या मोशनला न्यायाधीशांसमोर देतात, पण ते संशयी लोक. घेणाऱ्याने पुढच्या तारखेच्या चेकवर विश्वास ठेवावा.

अर्ज दाखल केल्यापासून सहा महिने थांबायचं, 18 महिन्यांच्या आत दुसरी मोशन. हे सहा महिने माफ होऊ शकतात, असा 2017 चा निकाल आहे. मात्र दोघं दीड वर्ष वेगळे असावे लागतात, समेटाचे प्रयत्न फसलेले असावे लागतात आणि पोटगी-ताबा खरोखर मिटलेला असावा लागतो. वरच्यासारख्या टर्म्स लिहिल्या असतील तर ती भीती नाही.

तरीही प्रकरण पुढे सरकलंच, तर समुपदेशक एकेकाला आत बोलावून विचारतील, ‘सही कुणाच्या दबावाखाली केली नाही ना?’ उत्तर देण्याआधी काचेपलीकडे उभ्या असलेल्या आईकडे एकदा बघून घ्या. पुढची तारीख नक्की.